रोज एक किटली

उमाबाईनं दुपारचा चहा पुढं केला, महारुद्रनं कप उचलून नेहमीसारखा आधी नाकाशी नेला, आणि पदराला हात पुसत ती म्हणाली, "पास?" बस, एवढंच. हसली नाही की टोमणा मारल्यासारखं केलं नाही. मीठ बरोबर आहे का असं विचारावं तसं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. महारुद्रला एकदम कसंतरीच झालं. त्याच्या ध्यानात आलं, ही रोजच अशी उभी राहते. बीडच्या ह्या दोन खोल्यांत संसार मांडला तेव्हापासून, आपण कपात नाक घालून मान हलवेपर्यंत ही बया स्टोव्हकडं वळत नाही. घरात काय डेअरी उघडलीय का आपण? त्याला काहीतरी लागट बोलावंसं वाटलं, पण बायकोच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं, आणि चेहऱ्यावर काही नसणं कसं असतं हे त्याच्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी दूध संकलन केंद्राच्या अंगणात असलेच चेहरे त्याच्यासमोर रांगेनं उभे असायचे. "पास पास," असं म्हणून त्यानं चहा घशाखाली ढकलला. जीभ पोळली. "गंगीकडं जरा बघत जा," उमाबाई आत जाता जाता म्हणाली. "आली की नुस्ती गुमान बसती. काय झालं म्हणलं तर काय न्हाई म्हणती." गंगी म्हणजे गंगासागर, तिची धाकटी बहीण, केंद्राच्याच गावात दिलेली. बघतोय की, महारुद्र मनात म्हणाला. बघतोय म्हणूनच तर तिचं घर चाललंय.

फटफटी लिंबागणेशच्या पुढं गेली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी नुसती उघडी जमीन सुरू झाली. तीन वर्षं झाली, पाऊस आला तसा पुढं निघून गेला. ओढ्यांना पाणी नाही, विहिरींच्या तळाला माणसं उतरून वाटीनं पाणी भरतात, जनावरांना उसाचं वाळकं वाढं घालून जगवायचं चाललंय, आणि त्यातही दूध निघतंय, कारण शेतातून तर कवडी येत नाही, घरात येईल तो पैसा दुधाचाच. मग दुधात पाणी पडणारच. पाणी मिळालं तर पाणी, नाहीतर पिठाचं, सोड्याचं काहीबाही. दूध संघाच्या बाकीच्या केंद्रांचा टँकर वरच्या डेअरीतून महिन्यात चारदा माघारी येत होता. महारुद्रच्या केंद्राचा एकदाही आला नव्हता. चेअरमन विठ्ठलराव भरल्या बैठकीत म्हणाले होते, "मॅनेजर कसा असावा हे महारुद्राकडून शिका. आवाज चढवत न्हाई, शिवी देत न्हाई, पोलीस आणत न्हाई, आन् तरी एक माणूस पाणी घालत न्हाई. कावून?" कावून ते कुणाला सांगता येईना. म्हणून आज विठ्ठलराव स्वतः सगळ्या केंद्रांच्या सचिवांना जीपमध्ये कोंबून संध्याकाळचं संकलन दाखवायला आणणार होते. बीडच्या हाफिसात जनरल मॅनेजरची खुर्ची रिकामी होती. आजची संध्याकाळ नीट पार पडली की ती महारुद्रची, हे विठ्ठलराव तोंडानं बोलले नव्हते एवढंच.

तर कावून? सांगण्यासारखं त्यात होतं काय! महारुद्र नवा नवा केंद्रावर आला तेव्हा जुने मॅनेजर मोहनराव तिथं होते. पान खाणारा, हळू बोलणारा, अंगावर डाग पडू न देणारा माणूस. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी त्याला ओट्यापाशी उभं केलं. इतर केंद्रांवर दूध तपासलं की लगेच मोठ्या कॅनमध्ये ओततात. मोहनरावांच्या केंद्रावर तसं नव्हतं. तपासलेली प्रत्येक किटली ओट्यावर ओळीनं झाकण काढून ठेवायची. सगळ्या गावाचं तपासून होईस्तोवर कुणाचंही ओतायचं नाही आणि कुणीही घरी जायचं नाही. सगळं झालं की मोहनराव ओट्यावरून सावकाश चालत, एका किटलीपाशी थांबत, वाकून वास घेत आणि म्हणत, "परत." ज्याची किटली, त्यानं ती उचलून गेटापाशी लिंबाच्या बुडात आपल्या हातानं ओतायची. घरी न्यायची नाही. परत आलेलं दूध गावातही कुणी घेत नाही. नाव वाईट होतं ते वेगळंच. एका महिन्यात तीनदा परत झालं की संघाकडून नाव कमी, म्हणजे दूध घेणंच बंद. पहिल्या दिवशी मोहनरावांनी गहिनीनाथची किटली परत केली. महारुद्र तरुण होता, कृषी विद्यालयातून ताजा बाहेर पडलेला. त्यानं स्वतःच ती तपासली होती. "साहेब, ह्याचं तर चांगलं होतं," तो नंतर म्हणाला. मोहनरावांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मंग? पाणीवाल्याचं परत केलं तर बाकीच्यांना काय कळंल? पाणी घातलं की सापडतो, एवढंच. चांगलं असून परत आलं मंजी माणूस रात्रभर इचार करतो, आपलं नेमकं काय चुकलं. त्यो उद्या दुप्पट सांभाळून आणतो. आन् बाकीचे बी. रोज एक किटली. जास्त न्हाई, कमी न्हाई."

आता हे ऐकून तुम्हांआम्हांला वाटेल, काय नीच माणूस! महारुद्रलाही वाटलं होतं, चांगलं पंधरा दिवस वाटलं. पंधरा दिवसांनी त्याला वाटणं कमी झालं आणि दिसायला लागलं. आणि दिसायला लागलं की त्यात एक गोडी येते, हे कुणी कबूल करत नाही. कुणाचं परत करायचं, सगळी कला त्यात होती. भांडकुदळाचं होता होईल तो करायचं नाही. तो ओरडतो आणि बाकीच्यांना धीर येतो. पुढाऱ्याच्या सोयऱ्याचं नाही. अगदी खंगलेल्याचंही नाही. त्याची कीव येते आणि कीव आली की लोक एक होतात. ज्याला लाज आहे त्याचं करायचं. लाजाळू माणूस ओट्यापाशी येतो, किटली उचलतो आणि मान वर न करता लिंबाकडं जातो, आणि त्या चार पावलांत बाकीचे सगळे त्याच्यापासून जरा बाजूला सरकतात. त्याला हात लागू नये म्हणून. आपलं नाही आलं, ह्या आनंदात त्यांचे खांदे खाली येतात, कुणीतरी तंबाखू मळायला घेतो, बायका एकमेकींना ढोसतात. मोहनराव निवृत्त झाले, ओटा महारुद्रकडं आला, आणि तो हे रोज बघायचा. गहिनीनाथ मोठ्या ताठ कण्याचा गडी, त्यानं पहिल्यांदा ओतताना किटली इतकी हळू कलती केली होती की जणू खाली भांडं ठेवलंय. केशरबाईचं मात्र चुकलं. तिचं एका महिन्यात दोनदा आलं, मग तिसऱ्यांदा; तिसऱ्या वेळी महारुद्रला तिचा आधीचा चेहरा ध्यानातच नव्हता. नाव कमी झालं. तिनं गाय नेकनूरच्या बाजारात नेली आणि स्वतः पोरीकडं राहायला गेली, तिकडं उमापूरला का कुठं. महारुद्रला त्याचं आठ दिवस वाईट वाटलं. पण त्या आठ दिवसांत दुधाला कसा दाट वास यायचा, हेही त्याला आठवत होतं.

गंगासागरचं मात्र त्यानं कधीच परत केलं नव्हतं. मेहुणी म्हणून नव्हे, असं तो स्वतःला सांगायचा. तिचं दूधच चांगलं असतं. सगळ्यांचंच चांगलं असायचं, ही गोष्ट वेगळी. तिचा नवरा सिदू गावात किराणा चालवायचा. दुष्काळात उधारी बुडाली, दुकानाला कुलूप पडलं, तो लातूरला दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसायला गेला. मागं एक म्हैस, सासू आणि ती. सासू कशी, तर म्हशीला चारा आधी आणि सुनेला भाकरी नंतर. किटली परत आली असती तर त्या म्हातारीनं तिला दारात उभं केलं नसतं. महारुद्रला हे माहीत होतं. आणि "पास?" हा शब्द फटफटीच्या आवाजातही कानातून जात नव्हता. बायको विचारते. माझ्याकडं बघून विचारते. घरात, कप हातात देऊन. उद्या झोपेतही विचारील. त्याला एकाएकी आपल्या नाकाचीच किळस आली. आणि मग, टेकडीचा चढ संपता संपता, त्याला सुचलं, आज कुणाचंच परत करायचं नाही. पाहुणे येणार, दूध चांगलं आहे, डिग्री चांगली आहे, दाखवायला दुसरं काय पाहिजे? एक दिवस सगळ्यांचं पास. हा विचार येताच त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं फटफटी थोडी दामटलीच. बोनस वाटायला निघालेल्या मालकासारखा तो केंद्राच्या गेटातून आत शिरला.

जीप आधीच येऊन उभी होती. विठ्ठलराव खुर्चीवर, सचिव त्यांच्या मागं भिंतीला टेकून. तपासणारा बद्रीनाथ लॅक्टोमीटर बुडवून दुधाची डिग्री बघत होता, रांग पुढं सरकत होती, किटल्या ओट्यावर ओळीनं लागत होत्या. दुष्काळानं ओळ आखूड झाली होती, निम्म्या गावाची जनावरं चारा-छावणीत गेली होती, पण जे होतं ते दूध असं होतं की बघत राहावं. गंगासागर सगळ्यांत शेवटी उभी होती. तिच्या पुढची बाई आणि ती ह्यांच्यामध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. महारुद्रनं ते आज पहिल्यांदा बघितलं. शेवटची किटली ओट्यावर गेली. महारुद्र ओळीवरून चालत गेला, टोकापर्यंत, आणि वळून म्हणाला, "सगळ्यांचं चांगलं हाय. बद्रीनाथ, ओतून घे." बद्रीनाथनं किटलीला हात घातला नाही. तो महारुद्रच्या तोंडाकडं बघत राहिला. अंगणातलं एक माणूस हललं नाही.

"जावा की आता," महारुद्र म्हणाला.

कुणी गेलं नाही. वच्छलाबाई, म्हातारी, दात पडलेली, कमरेवर हात ठेवून पुढं आली. "आप्पा, राहिलं की."

"काय राहिलं?"

"परतीचं राहिलं. कुणाचं ते सांगा ना, मंजी आमी मोकळे."

"आज कुणाचंच न्हाई, वच्छलाबाई. समदं दूध झ्याक हाय."

"असं कसं होईल?" गहिनीनाथ मागून बोलला. तोच ताठ कण्याचा गहिनीनाथ. आता त्याच्या आवाजात काहीतरी ओलसर होतं, लाडीगोडीसारखं. "रोज एखाद्याचं बिघडलेलं असतंच. आज पावणे हायेत म्हणून तुमी दडवताय. मंग उद्या दोघांचं कराल. आमी घरी जाऊन काय झोपायचं का?" "व्हय व्हय," मागून दोघं-तिघं म्हणाले. "आजचं आज होऊन जाऊ द्या." महारुद्रला वाटलं, ह्यांना वेड लागलंय. त्याला हसायला यायला पाहिजे होतं. पण समोरचे चेहरे हसण्यासारखे नव्हते. त्यांचे खांदे अजून वरच होते, कानाशी, आणि ते खाली आल्याशिवाय ही माणसं इथून हलणार नव्हती. आपण ह्यांना काय शिकवून ठेवलंय! इतकी वर्षं आपल्याला वाटत होतं, ही माणसं "परत" ह्या एका शब्दाला भितात. ती त्या शब्दावर जगत होती. विठ्ठलरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय हो मॅनेजर," ते मोठ्यानं म्हणाले, "माणसं तुमचं ऐकंनात वाटतं?" मागचा एक सचिव खुदकन हसला. खुर्ची, हाफिस, बीड, सगळं त्या हसण्यात एका क्षणात सुटत चाललंय असं महारुद्रला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला त्या माणसांचं, दुधाचं, कशाकशाचं काही वाटलं नाही. फक्त ते हसणं बंद व्हावं एवढंच वाटलं.

"राहिलं कुणाचं, ते बगा की," सुंदरबाई कुणाकडंच न बघता म्हणाली. "आमच्या समद्यांचं येऊन गेलं. माझं तर ह्या महिन्यातच दोनदा. एकीचंच कधी येत न्हाई." कुणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना एकाच बाजूला फिरल्या. तेव्हा कुठं महारुद्रला ती रांगेतली मोकळी जागा कळली. पाण्याच्या टँकरवर हिची घागर मागं सरकवत असतील. चाऱ्याला गेली तर कुणी हाक देत नसेल. बहिणीकडं येऊन गुमान बसायची ती ह्यासाठी. आपण हिला वाचवत होतो, आणि गाव तिला त्याचीच सजा देत होतं. गंगासागर पुढं आली. वय लहान, पण दुष्काळानं गालफडं बसलेली. तिनं ओट्यावरून आपली किटली स्वतःच उचलली आणि महारुद्रच्या पुढ्यात ठेवली. "दाजी," ती अगदी हळू म्हणाली, "माझं बगा ना परत एकदा. असंल त्यात कायतरी." तिचे डोळे विनवत होते, पण सोडा म्हणून नाही.

तो वाकला. म्हशीचं दूध, धारोष्ण, वर पिवळसर साय धरू पाहणारं. वाळलं वाढं खाऊन कुठल्या जनावरानं असं दूध द्यावं, देवच जाणे. सबंध ओट्यावर ह्याच्या तोडीचं नव्हतं. "परत," महारुद्र म्हणाला.

आणि खांदे खाली आले. सगळ्यांचे, एकदम. त्याचेही आले, ते त्याला कळलं आणि तो मनातल्या मनात स्वतःवर थुंकला. गंगासागर किटली घेऊन लिंबापाशी गेली. पण आज कुणी बाजूला सरकलं नाही. तिनं ओतलं, शेवटचा थेंब झटकला, आणि मागं वळली तोवर सुंदरबाई तिच्याजवळ पोचली होती. "अगं, चालायचंच. माझं आलं तवा मी रात्रभर रडले," असं म्हणत तिनं गंगासागरच्या खांद्यावर हात टाकला. वच्छलाबाईनं आपल्या चंचीतली सुपारी काढून दिली. कुणीतरी काहीतरी बोललं आणि बायका हसल्या, आणि गंगासागरही हसली, तोंडाला पदर लावून. घरी सासूपुढं काय वाढून ठेवलंय हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच. पण त्या घटकेला ती हसत होती, बऱ्याच दिवसांनी माणसांत आलेली. महारुद्रनं ते बघितलं आणि त्याला लई बरं वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी यावं इतकं.

विठ्ठलराव जीपकडं जाता जाता थांबले. सचिवांना त्यांनी पुढं घातलं. "पाणी होतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब."

"मेव्हणी ना रे ती तुझी?"

"हो."

विठ्ठलरावांनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, गिऱ्हाईक बैलाचे दात बघतं तसं. मग ते हसलेही नाहीत. "सोमवारी बीडला हाफिसात ये," ते म्हणाले. "तुझ्याबिगर दुसरा माणूस न्हाई माझ्याकडं. इथं कुणाला बसवायचं ते तूच ठरव." जीप धुरळा उडवत गेली. मागच्या बाकावरचे सचिव माना वळवून महारुद्रकडं बघत होते. त्यांतला कुणीही आता हसत नव्हता.

बद्रीनाथ मोठ्या कॅनमध्ये दूध ओतत होता. सोमवारपासून केंद्र त्याच्याकडंच येणार, हे त्याला न सांगता कळलं होतं, आणि त्याच्या हातांना जरा घाई आली होती. "आप्पा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या कुणाचं करायचं? मी शिकाया पायजे ना." महारुद्र अंगणाकडं बघत होता. माणसं अजून गेली नव्हती. गहिनीनाथ मोठ्यानं काही सांगत होता, बायका गेटाशी घोळका करून उभ्या होत्या. सैल, निवांत माणसं. आज सगळ्यांची एकेक फेरी पुरी झाली होती. जिचं राहिलं होतं तिचंही होऊन गेलं. आता उरलं कोण? ज्याची पाळी होऊन गेली तो घरी जाऊन पाय पसरून झोपणार, आणि झोप लागलेला माणूस सकाळी उठून किटलीत एक तांब्या पाणी घालणार. घालणारच. त्याला हे इतकं साफ दिसलं की त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ओट्यावर उभं राहिलं की वास यावा तसं ते आपोआप आलं. फेरी झाली असं ह्यांना वाटता कामा नये. जिचं आज झालं, तिचंच उद्या झालं पाहिजे.

"गंगासागरचं," तो म्हणाला.

बद्रीनाथचा हात थांबला. "परत तिचंच?"

"उद्या. आन् परवा बी." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, चढलेला नाही, उतरलेला नाही.

"मंग नाव कमी होईल की तिचं."

"होईल."

बद्रीनाथनं मान हलवली आणि पुन्हा ओतायला लागला. तेवढ्यात गेटाशी घोळका हलला, बायका घराकडं निघाल्या, आणि त्यांच्या मधोमध चालता चालता गंगासागरनं मागं वळून हाक मारली, आज पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं, चारचौघींत, "येते ओ दाजी!"

"ये," महारुद्र म्हणाला. "उद्या वेळेवर ये."